पुठ्ठ्याचं खजिनाघर

सप्टेंबर लागला की आमच्या गल्लीतल्या चेस्टनटची फळं उभ्या गाड्यांच्या टपांवर पडायला लागतात. टक्क. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्क. कोलोनमधल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मी खिडकी उघडी टाकून बसते आणि पुढच्या आवाजाची वाट बघते. शुक्रवारी दुकानातल्या बाईला ‘तुमचाही दिवस छान जावो’ म्हटलं, त्यानंतर तोंडातून शब्द गेलेला नाही. आज रविवार. रविवारी इथे दुकानं बंद असतात आणि रिकाम्या बाटल्या काच जमा करायच्या पेटीत टाकायलाही मनाई असते, कारण आवाज होतो. सगळा देश मिळून एक दिवस शांतता पाळतो. ज्यांच्या घरात बोलायला कुणी आहे, त्यांनीच हा नियम केला असणार.

हे दिवस आले की मला रेगेन्सबर्गमधला तो सप्टेंबर आठवतो. तेव्हाही विद्यापीठ ओस पडलेलं होतं. सत्र सुरू व्हायला अवकाश होता, माझ्या मार्गदर्शक बाई सुट्टीवर होत्या, आणि डॅन्यूबवरून सकाळी उठणारं धुकं थेट आमच्या संस्थेच्या जिन्यापर्यंत येत असे. मी जुन्या उत्खननांची रेखाटनं टेबलावर पसरून बसायचे. माझा विषय होता ग्रीक देवस्थानांमधली खजिनाघरं. जर्मनीत त्यांना ‘शात्सहाउस’ म्हणतात. मराठीत काय म्हणायचं हे मला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून मीच माझ्यासाठी ‘खजिनाघर’ ठरवलं होतं.

देवस्थान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे देऊळ येतं. पण ऑलिंपियाला, टेकडीच्या पायथ्याशी, मोठ्या देवळापासून जरा बाजूला एका लांब ओट्यावर लहान इमारतींची रांग होती. प्रत्येकीत एक खोली, एक दार. दोन्ही बाजूंच्या भिंती दाराच्या थोड्या पुढे आलेल्या आणि त्यांच्या मधे दोन खांब. वर त्रिकोणी कपाळ. लांबून बघाल तर देऊळच, फक्त लहान. पण आत देव नाही. आत ठेवायच्या त्या भेटी: भांडी, ढाली, पुतळे, एखाद्या शहराला देवापुढे आणि त्याहून जास्त शेजारच्या शहरापुढे जे मिरवायचं असेल ते सगळं. एकेका शहराने आपापलं घर बांधलेलं. दुसऱ्यांच्या गावात, सगळ्यांच्या वाटेवर, आपल्या नावाची एक खोली. आज त्यांची फक्त जोती उरली आहेत. गाव उठून गेल्यासारखी जोत्यांची रांग.

गंमत म्हणजे त्यातली बरीच घरं बांधणारे लोक तिथले नव्हतेच. त्यांचे पूर्वज कधीकाळी समुद्र ओलांडून सिसिलीत आणि दक्षिण इटलीत जाऊन वसले होते. तिथे आधीपासून राहणाऱ्यांना त्यांनी डोंगरांत रेटलं आणि गव्हावर गबर झाले. रेटलेल्यांचं नाव ऑलिंपियाच्या कुठल्याही भिंतीवर नाही, याचा मला तेव्हाही राग होता आणि आजही आहे. पण राग धरूनसुद्धा मी एका तपशिलापाशी दर वेळी थांबायचे. अशाच एका शहराने आपलं खजिनाघर चांगलं दगडी बांधलं, आणि मग छपराखालच्या दगडी पट्टीवर भाजलेल्या मातीचे रंगवलेले खोके खिळ्यांनी ठोकून बसवले. माती त्यांच्या गावची. तिकडेच भाजून जहाजातून आणलेली. ही पद्धत लाकडी छपरांच्या काळातली, लाकूड पावसाने कुजू नये म्हणून काढलेली. दगडाला तिची काडीचीही गरज नव्हती. तरी ठोकले.

मी हे वाचलं त्या दिवशी माझ्या खोलीत पाण्याने भरलेली दोन पातेली झाकून ठेवलेली होती. रेगेन्सबर्गमध्ये नळाला कधीही पाणी असतं. मी इचलकरंजीची. उठल्या उठल्या पाणी भरल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नसे.

इचलकरंजीतलं आमचं घर पत्रकांचं. बाबा यंत्रमाग कामगारांच्या युनियनमध्ये, आई शाळेत. शेजारपाजारच्या घरांत ज्या कोनाड्यात देव असत, त्या कोनाड्यात आमच्याकडे पत्रकांचे गठ्ठे असत. गुलाबी कागद सभेचा, पिवळा संपाचा. मी अक्षरं लावायला शिकले ती ‘बंधू-भगिनींनो’ या शब्दावर. माझं नाव समता ठेवलं, यावरून काय ते ओळखा. पत्रकात ‘कदाचित’ नसतं, ‘मला वाटतं’ नसतं. एका पानात म्हणणं मांडायचं, शेवटी मागणी करायची. मी बोलायलाही तशीच शिकले. चळवळीत त्याचं कौतुक होतं. परक्या गावात, जिथे कुणाशी ओळख व्हावी म्हणून माणूस जीव टाकतो, तिथे असं बोलणारी मुलगी फार काळ कुणी जेवायला बोलावत नाही.

मला अनघावहिनींनी बोलावलं. एशियाई सामानाच्या दुकानात कढीपत्त्याची चिमुकली पिशवी हातात धरून मी स्वतःशीच म्हणाले, “लूट आहे ही.” मागून आवाज आला, “आणि ताजा पण नाहीये!” मी वळले. निळ्या रेनकोटातली एक बाई हसत उभी होती. “एकटीच आहेस?” त्यांनी विचारलं. इतक्या सरळ मला हा प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता. मी जर्मनमध्ये ‘या’, म्हणजे हो, म्हणाले. मराठीत म्हणवलं नाही.

त्यांचा नवरा गिरीशदादा गाड्यांच्या कारखान्यात गिअरबॉक्सवर काम करणारा इंजिनियर. दोघं मला मराठी मंडळाच्या बैठकीला घेऊन गेले. शहराच्या कडेला एक ब्युर्गरहाउस आहे, नागरिकांसाठी पालिकेने बांधलेलं सभागृह. त्याच्या तळघरातल्या बोळात लोखंडी कपाटांची रांग. एकावर तुर्की मंडळ, एकावर बोस्नियन, एकावर तमिळ, एकावर पोर्तुगीज, आणि शेवटून दुसरं आपलं. आत लेझीम, समया, गुढीची काठी, ताशा. मी त्या बोळात उभी राहिले आणि मला हलवेना. ऑलिंपियाचा ओटा मी टेबलावरच्या रेखाटनांत शोधत होते, आणि तो इथे, पायपुसण्याच्या वासात, कुलपं लावून उभा होता.

“तू देवळांवर शिकतेस ना?” विद्याताई म्हणाल्या. त्या मंडळाच्या सेक्रेटरी. “मग या वर्षीचं गणपतीचं मखर तू कर. ग्रीक देऊळ. फोटो काय येतील!”

“देवळांवर नाही. खजिनाघरांवर.”

“म्हणजे ट्रेझरी?” गिरीशदादा म्हणाला. “आमचे बाबा पेन्शनसाठी जायचे तिथे. तिथेही पुढे दोन खांब होते आणि आत कधी कुणी नसायचं.”

सगळे हसले. मीही हसले, आणि मग पत्रक वाचावं तसं एका दमात सांगून टाकलं: मी देव मानत नाही. आरतीला उभी राहणार नाही. देऊळ बांधणार नाही. पण खजिनाघर बांधायचं असेल तर बांधून देते, कारण त्यात देव नसतो, लोकांनी आणलेल्या वस्तू असतात.

खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मला वाटलं, झालं, संपली ओळख. मला ही माणसं हवी होती. त्यांचं मराठी ऐकत कोपऱ्यात बसायला मिळालं तरी पुरलं असतं. पण ज्यावर माझा विश्वास नाही ते केल्याचं दाखवून मिळालेली माणसं मला टिकवता आली नसती. ती कुणाची तरी दुसरीच माणसं झाली असती.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” गिरीशदादा म्हणाला. “आम्हाला कुठे पुजारी हवाय? डिझायनर हवाय. ड्रॉइंग कधी देतेस?”

त्यानंतरच्या संध्याकाळी अजून अंगाला लागून आहेत. कारखान्यात टाकून द्यायचा जाड पुठ्ठा गिरीशदादाने रीतसर विचारून आणला. ब्युर्गरहाउसच्या तळघरात आम्ही तो कापायचो, गोंदाचा वास केसांत बसायचा. माणूस आत मांडी घालून बसू शकेल एवढं घर. प्रत्येक तुकड्याच्या मागे अक्षर घातलं, म्हणजे वर हॉलमध्ये नेऊन जोडताना गोंधळ नको. मी त्यांना सांगितलं की एका ग्रीक शहराने आपल्या गावचे दगड असेच घडवून, अक्षरं घालून ऑलिंपियाला पाठवले होते. गिरीशदादाने कटर खाली ठेवला. “म्हणजे फर्निचरच्या दुकानासारखं? खोक्यातून घर?” मग त्याने प्रत्येक अक्षर पुन्हा ठसठशीत गिरवलं.

खांबांवरून मात्र माझं आणि गिरीशदादाचं भांडण झालं.

“हा वर बारीक का होतोय? माप चुकलंय.”

“चुकलेलं नाही. खांब वर निमुळताच असतो.”

“किती निमुळता?”

“बघायला बरा वाटेल इतका.”

“आल्झो, म्हणजे ‘बरा वाटेल’ला ड्रॉइंगमध्ये टॉलरन्स किती मिलिमीटरचा टाकू मी?”

“अहो, करा ना ती सांगते तसं,” अनघावहिनी डबे उघडत म्हणाल्या. “घरात पडदा लावताना नाही विचारत कधी टॉलरन्स.”

वरण-भात, लोणचं आणि बडबड. बोलून बोलून माझा घसा दुखायचा, इतकी सवय मोडली होती. शेवटच्या बसने परतताना ते दुखणं मी जपून घरी न्यायचे. खोलीत शिरलं की पुन्हा पाण्याची पातेली आणि धुकं. एकटेपणा कमी झाला नव्हता. उलट त्याला आता कडा आल्या होत्या. आधी तो सगळीकडे होता, आता बसमधून उतरल्यावर सुरू व्हायचा.

गणपती मंडळाचे, म्हणून शनिवारी. चतुर्थी कधीही असो, हॉल शनिवारीच मिळतो. दोन दिवस आधी गिरीशदादाच्या आई भारतातून आल्या. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणू लागलो. पेणहून आणलेली शाडूची मूर्ती त्यांनी विमानात मांडीवर धरून आणली होती, नातवंडाला धरावं तशी, गोधडीत गुंडाळून. हवाईसुंदरीने वर ठेवायला सांगितलं तर म्हणाल्या म्हणे, “तो माझ्याजवळच बसतो.” मी त्या गोधडीकडे बघत राहिले. इथे माती मिळते. इथे मूर्तीही ऑनलाइन मिळते. आपल्या गावची माती समुद्रापलीकडे नेऊन कशाला ठोकायची, या प्रश्नाचं उत्तर मी दोन वर्षं ग्रंथालयात शोधत होते.

काकू तळघरात आल्या तेव्हा घर उभं राहिलं होतं. पांढरा रंग, वरच्या पट्टीला निळा-तांबडा. मला खरंच वाटलं की माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा काहीतरी उभं केलंय. काकू घराभोवती एक चक्कर मारून आल्या, दोन खांबांमधून वाकून दारातून आत डोकावल्या, आणि बाहेर येऊन म्हणाल्या,

“छान आहे गं. पण बसायचं कुठे त्याने?”

त्यांनी एका खांबावर बोटाने टकटक केलं.

“आत अंधार. समोर खांब. दिसणार कुणाला?”

कितीतरी संध्याकाळी आम्ही मापं घेतली, निमुळतेपणावरून भांडलो, आणि त्यातल्या एकाही इंजिनियरने, एकाच्याही बायकोने, मीसुद्धा, हा प्रश्न विचारला नव्हता. मी तर देव नसलेलं घरच काढलं होतं. तसं सांगूनच काढलं होतं. त्यांनी ऐकलं होतं, पण मखरात देव नसेल हे मराठी माणसाच्या कानात शिरतच नाही.

“सोपं आहे,” विद्याताई म्हणाल्या. “खांब काढा आणि पुढची भिंत कापा. मोकळं होईल.”

“मग ते खजिनाघर राहणार नाही,” मी म्हणाले.

“अगं, पुठ्ठा आहे तो.”

“पुठ्ठा असला म्हणून काय झालं? दोन खांब आणि दार काढल्यावर उरतं काय? खोकं! मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं हे देऊळ नाही. तुम्ही हो म्हणालात. आता गर्दीला बघायला मिळावं म्हणून...”

“आम्ही सजावट मागितली होती समता,” विद्याताई म्हणाल्या, “मोर्चा नाही.”

मी कोट घेतला आणि निघाले. बसथांब्यावर धुकं इतकं होतं की समोरचा दिवा फक्त पिवळा डाग दिसत होता. मी बरोबर होते. आजही मला तसंच वाटतं. पण बरोबर असणं घेऊन बसथांब्यावर उभं राहिलं की कळतं, त्याच्याशी बोलता येत नाही.

बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. वाटलं, ते म्हणतील शाब्बास, किंवा म्हणतील मखर केलंसच कशाला. ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. “बसायला जागाच ठेवली नाहीस होय त्याला?” मागे आईला ओरडून सांगितलं, “अगं, ऐकलंस का? हिने गणपतीला बेघर केलं!” मला इतका राग आला की मी फोन ठेवला. आणि मग त्या खोलीत, त्या भरलेल्या पातेल्यांसमोर, मलाही हसू आलं. एकटीला आलेलं हसू फार लवकर संपतं.

पुढे माझं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. पुढच्या वर्षी काम मिळालं म्हणून मी कोलोनला आले. इथेही मंडळ आहे, मोठं आहे. मी अजून गेलेले नाही. नव्या माणसांसमोर पहिल्यापासून सगळं सांगायचं, की मी काय मानत नाही, कशाला उभी राहणार नाही, याचा कंटाळा येतो. रेगेन्सबर्गला ते सांगून झालेलं होतं. अनघावहिनी अजून फोन करतात. त्यांची मुलगी मराठीत विचारलेल्या प्रश्नांना जर्मनमध्ये उत्तरं देते आणि मला ‘टांटे’, म्हणजे मावशी, म्हणते. खजिनाघर गणपतीच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळीच, रद्दी कागदाच्या डब्यात गेलं. गिरीशदादाने फोटो पाठवला होता: अक्षरं घातलेले तुकडे, नीट घडी करून, एकावर एक. ऑलिंपियाच्या ओट्यावरची जोती मी गेल्या वर्षी प्रत्यक्ष पाहिली. ऊन होतं, पर्यटक पाण्याच्या बाटल्या घेऊन फिरत होते, आणि मी एका पायरीवर बसून राहिले. कोण येणार होतं तिथे माझ्या ओळखीचं!

पण त्या शनिवारी मी गेले होते. जाणार नव्हते, तरी दुपारी पाय वळले. माझं घर खोकं झालेलं बघायला तरी जावं, असं स्वतःला सांगितलं.

हॉलमध्ये शिरले. घर जसंच्या तसं उभं होतं. दोन खांब, दार, वरचं कपाळ. आणि त्याच्या पुढे, चांगली हातभर मोकळी जागा सोडून, पाटावर गणपती. उघड्यावर. चारी बाजूंनी लोक. दाराच्या आत, अंधारात, लोकांनी आणलेले नारळ, फळं, पेढ्यांचे डबे, कुणाच्या तरी मुलाने काढलेलं चित्र.

“मीच म्हटलं, नका तोडू,” काकू म्हणाल्या. “पाहुणा आहे तो. पाहुण्याला अंगणात खुर्ची टाकून बसवतोच की आपण. आणि सामान राहील आत.”

ग्रीक देवस्थानात वेदी नेहमी बाहेर, उघड्यावर असायची आणि भेटी आत. हे मी काकूंना सांगायला तोंड उघडलं. मग गप्प बसले. विद्याताई माझ्याकडे न बघता केळीची पानं लावत होत्या.

आरतीची वेळ झाली तशी मी हॉलच्या दाराकडे सरकले. इतक्यात गिरीशदादाने हाक मारली. त्याच्या हातात आग विझवायचं लाल नळकांडं होतं, कारण हाउसमाइस्टरने, इमारत सांभाळणाऱ्या माणसाने, खऱ्या निरांजनाला परवानगी दोनच अटींवर दिली होती: हे हातात हवं आणि खिडक्या सताड उघड्या हव्यात. उघड्या खिडक्यांतून वारं येत होतं आणि घर डुलत होतं.

“मागची भिंत सुटतेय! गोंद ओला आहे अजून. समता, तू बारीक आहेस, आत शिर आणि पाठीने दाबून धर. मला हे सोडता येत नाही.”

मी वाकून आत शिरले. नारळ बाजूला सारून बसले, पाठ मागच्या भिंतीला टेकवली, दोन्ही तळवे बाजूच्या भिंतींना लावले. आत गोंदाचा आणि पेरूचा वास होता. आरती सुरू झाली. टाळ्या, झांजा, ताशा. पुठ्ठ्यातून आवाज माझ्या पाठीत शिरत होता. दारातून, दोन खांबांच्या मधून, मला गणपतीची पाठ दिसत होती. मागून तो नुसती माती होता, न रंगवलेली, कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा असलेली. आणि त्याच्या पलीकडे सगळ्यांचे चेहरे. अनघावहिनी डोळे मिटून गात होत्या. गिरीशदादा नळकांडं पोटाशी धरून बेसूर ओरडत होता. विद्याताईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. इतके मराठी चेहरे इतक्या मोकळेपणी माझ्याकडे तोंड करून कधीच नव्हते. त्यांतलं कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. बाहेर तिन्हीसांजेचं धुकं खिडकीशी आलं होतं.

आरती संपली. तबक फिरायला लागलं. काकू ते घेऊन एकेकापुढे जात खांबांपर्यंत आल्या आणि खाली वाकल्या. मी आत अवघडून बसलेली, हात सोडले तर भिंत पडेल. त्यांनी तबकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तबक मागे अनघावहिनींच्या हातात देऊन टाकलं. मग एक मोदक घेऊन गुडघे टेकत दोन खांबांमधून आत आल्या.

“हा प्रसाद म्हणून नको, खायचा म्हणून खा,” त्या म्हणाल्या. “सकाळपासून काही पोटात नसेल. आ कर.”

मी तोंड उघडलं.